गाडीची अठ्ठाई

२०२३ च्या पर्युषणातील संवत्सरीची रात्र आमच्या घरात कोणी विसरेल असे वाटत नाही. सिडकोतील आमच्या दुमजली घरात वर दादा आणि वहिनी राहतात, खाली आम्ही दोघे. दोन्ही घरांची मुले पुण्याला. त्या वर्षी वहिनींनी वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी अठ्ठाई केली होती. पर्युषणाच्या आठ दिवसांत वाहन वापरायचे नाही, स्थानकात पायीच जायचे, हा आमच्या वडिलांच्या काळापासूनचा नेम. त्यामुळे आमची जेमतेम अकरा महिन्यांची नवी गाडी आठ दिवस पोर्चमध्ये उभी होती.

आठव्या उपवासाच्या रात्री अडीचच्या सुमारास दादांनी जिन्यावरून हाक मारली. वहिनी उठताना घेरी येऊन पडल्या होत्या, बोलणे अस्पष्ट झाले होते. मी चपला पायात सरकवल्या, किल्ली घेतली आणि पोर्चमध्ये येऊन रिमोटचे बटण दाबले. काहीच झाले नाही. ना दिवा लुकलुकला, ना कुलूप उघडल्याचा आवाज आला. पुन्हा दाबले, गाडीजवळ जाऊन दाबले, दाराच्या मुठीवरचे बटण दाबले. लाखो रुपयांची गाडी दगडासारखी उभी. रिमोटच्या पोटात एक साधी लोखंडी किल्ली दडवलेली असते आणि मुठीच्या कडेला तिच्यासाठी छिद्र असते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. ठाऊक असते तरी दार उघडले असते, गाडी चालू झाली नसती.

शेजारच्या निवृत्त प्राध्यापकांना उठवले. त्यांची गाडी वीस वर्षांची; पहिल्याच किल्लीला सुरू झाली. ह्या सगळ्या धावपळीत पस्तीस मिनिटे गेली. ह्या गडबडीत १०८ क्रमांक कोणाला आठवला नाही, ही चूक गाडीची नव्हे, आमची. रुग्णालयात डॉक्टरांनी रक्तातील सोडियम फार उतरल्याचे सांगितले आणि उशीर करायला नको होता, असेही सांगितले. तिसऱ्या दिवशी वहिनी घरी आल्या. मी काही बोलण्याआधीच त्यांनी पोर्चकडे पाहिले आणि म्हणाल्या, “भाऊजी, माझ्याबरोबर गाडीलाही अठ्ठाई घडली म्हणायची!”

सगळे हसले. मला मात्र हसू आले नाही, कारण गाडीला तो उपवास कोणी घडवला हे मला हळूहळू उमजू लागले होते. तो मीच घडवला होता, आणि वर त्यासाठी पैसेही मोजले होते.

आमच्या शहराला गाडीचे वेड नवे नाही. ऑक्टोबर २०१० मध्ये येथील उद्योजक, व्यापारी आणि व्यावसायिकांनी एकत्र येऊन सुमारे ६५ कोटी रुपयांच्या दीडशे मर्सिडीज गाड्या एकदम घेतल्या, तेव्हा देशभरातील वृत्तपत्रांनी औरंगाबादचे नाव छापले होते. बहुतेक गाड्यांना स्टेट बँकेने सात टक्क्यांच्या आसपास व्याजाने कर्ज दिले. शेतकऱ्याला ट्रॅक्टरसाठी त्याहून महाग कर्ज मिळते, अशी टीकाही त्यावर झाली. मी दुसऱ्या बँकेत होतो. आमच्या शाखेत आठवडाभर तोच विषय. टीकेत तथ्य होतेच. पण व्यापारी म्हणून त्या खरेदीतली एक गोष्ट मला पटली होती. एकत्र जाऊन घाऊक भाव पाडून घेणे, हे आपल्या मोंढ्यातले जुनेच तंत्र आहे. आपल्याकडे गाडी घेताना मोटारीपेक्षा सौदा अधिक मनापासून तपासला जातो.

माझेही तसेच झाले. २०२२ च्या दसऱ्याला गाडी घेताना मी विक्रेत्याशी तीन बैठका केल्या. किंमत उतरेना, तेव्हा त्याने तोडगा काढला: “सर, रोख सूट नको, ॲक्सेसरीज फ्री देतो.” सीट कव्हर, मॅट, पायाखालचे निळे दिवे, दारे आपोआप बंद करणारे यंत्र अशी यादी त्याने वाचली. मला वाटले, सौदा जिंकला. उरलेले दिवाळीत पुण्याहून आलेल्या पुतण्याने जालना रोडवरील एका दुकानातून बसवून घेतले: पुढचा-मागचा डॅशकॅम, धुक्याचे दिवे, जास्त वॅटचे हेडलाइटचे बल्ब, चोरी झाल्यास गाडी शोधणारा ट्रॅकर. दुकानदार म्हणाला, “काका, पक्के बिल घेतले तर जीएसटी लागेल.” मी बँकेतला माणूस, तरी कच्ची चिठ्ठी घेतली. ती चिठ्ठी पुढे मला किती महागात पडली ते यथावकाश येईलच.

शेवटची भर माझी स्वतःची. पोर्चशेजारच्या खोलीत धान्याची पोती असत, त्यामुळे बॉनेटखाली उंदीर येऊ लागला. विष घालणे आपल्याला वर्ज्य, पिंजऱ्याचेही मनाला पटेना. म्हणून कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनीने उंदीर पळवणारी एक डबी मिळते, ती बॅटरीला जोडून घेतली. अहिंसेसाठी उचललेले हे पाऊल गाडीच्या बॅटरीच्या मात्र जिवावर उठले.

आता थोडे गाडीच्या आतले. माझ्या १९९४ च्या पहिल्या गाडीत वीज सरळ वाहत असे. बॅटरीतून फ्यूज, फ्यूजमधून बटण, बटणातून दिवा. बटण दाबले की त्याच बटणातून दिव्याचा सगळा प्रवाह जाई. त्या काळी कोणतीही वायर सोलून तिच्यावर दुसरी गुंडाळली आणि वर काळी टेप लावली, तरी टेप रेकॉर्डर वाजत असे. आपल्याकडचे बरेच कारागीर त्या शाळेत शिकले, आणि ती शाळा वाईट नव्हती.

आजच्या गाडीत बटण दिव्याला वीज देत नाही. ते फक्त मागणी नोंदवते. ती मागणी ‘बॉडी कंट्रोल मोड्यूल’ नावाच्या छोट्या संगणकाकडे जाते आणि तो दिव्याला वीज सोडतो. किती सोडली, दिव्याने किती घेतली, हेही तो मोजतो. ठरल्यापेक्षा जास्त गेली की शॉर्ट झाले समजून वाट बंद करतो. कमी गेली की बल्ब गेला समजून काचेवर इशारा देतो. म्हणून मूळ बल्बाच्या जागी कमी वीज खाणारा एलईडी लावला की इंडिकेटर दुप्पट वेगाने लुकलुकतो, आणि दिव्याच्या वायरवर दुसरे काही जोडले की कधी कधी दोन्ही बंद पडतात. काही गाड्यांत दिव्याला वीज सलग न देता सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करून देतात. अशा वायरीवर डॅशकॅम जोडला, तर तो का थरथरतो हे जोडणाऱ्याला कळतच नाही.

असे लहान संगणक एका गाडीत अनेक असतात. इंजिनाचा वेगळा, ब्रेकचा वेगळा, एअरबॅगचा वेगळा. ते एकमेकांशी बोलतात ते एकमेकींना पीळ दिलेल्या दोन बारीक वायरींवरून. ह्या पद्धतीला कॅन म्हणतात. जर्मनीच्या बॉश कंपनीने ती १९८६ मध्ये जगापुढे मांडली आणि १९९० च्या दशकात मोठ्या गाड्यांतून ती रुळली. बँकेच्या भाषेत सांगायचे तर जुनी गाडी म्हणजे प्रत्येक शाखेचे स्वतंत्र लेजर, आणि नवी गाडी म्हणजे कोअर बँकिंग. जुन्या पद्धतीत एका शाखेत घोळ झाला तर तो त्याच शाखेत राही. कोअर बँकिंग आल्यावर एका काउंटरवरच्या चुकीचा धक्का दूरच्या शाखेलाही बसू लागला. तसेच येथे. दाराच्या कुलपात गडबड, आणि स्टिअरिंग जड झाल्याचा इशारा पडद्यावर. वापरणाऱ्याला संबंध लागत नाही, कारण वायरींतून तो दिसत नाही.

गाडी बंद करून कुलूप लावले, की हे सगळे संगणक एकामागून एक झोपी जातात. त्याला काही मिनिटांपासून अर्ध्या तासापर्यंत वेळ लागतो. झोपल्यावर सगळे मिळून साधारणतः ५० मिलीअँपिअरच्या आत वीज घेतात. तेवढ्यावर चांगली बॅटरी महिनाभरही तग धरते. पण एखादे उपकरण दर काही सेकंदांनी ह्या वायरींवर “कोण जागे आहे?” असे विचारत राहिले, तर कोणीच झोपत नाही.

आमच्या गाडीत नेमके हेच झाले होते. पण हे कळायला तीन आठवडे लागले. संवत्सरीनंतर बॅटरीला दुसऱ्या गाडीचा आधार देऊन गाडी सुरू केली, तेव्हा पडद्यावर एकाच वेळी सहा इशारे होते. अधिकृत सेवा केंद्रात नेली. त्यांनी संगणक जोडला, कागद काढला आणि सांगितले, “सर, बॉडी कंट्रोल मोड्यूल बदलावे लागेल, अडतीस हजार.” गाडी वॉरंटीत आहे, असे मी म्हणालो. तरुण सल्लागाराने नम्रपणे बॉनेट उघडले आणि बॅटरीच्या टोकावर एकावर एक गुंडाळलेल्या चार वायरी दाखवल्या. बाहेरून बसवलेल्या उपकरणांमुळे झालेले नुकसान वॉरंटीत येत नाही, हे गाडीबरोबरच्या पुस्तिकेतच लिहिलेले होते. मी ती पुस्तिका अकरा महिन्यांनी प्रथम उघडली. कर्जदार करारनामा न वाचता सही करतात, म्हणून मी आयुष्यभर त्यांना बोललो होतो!

त्या केंद्राचा वॉरंटीचा नकार मला आजही चुकीचा वाटत नाही. मोड्यूल बदलण्याची घाई मात्र चुकीची होती. एका परिचिताने चिकलठाण्याकडच्या एका वृद्ध ऑटो इलेक्ट्रिशियनचे नाव सुचवले. त्यांनी गाडी पाहण्याआधी मला प्रश्न विचारले. गाडी घेतल्यापासून काय काय बसवले, कोणत्या क्रमाने, कोणी, आणि पहिली तक्रार कधी आली? मी आठवून आठवून सांगितले, ते त्यांनी वहीत लिहून घेतले. मग म्हणाले, “साहेब, कॉम्प्युटर काय म्हणतो ते नंतर बघू. बॅटरीचा दाब दहा व्होल्टच्या खाली गेला की प्रत्येक मोड्यूल दुसऱ्याची तक्रार लिहून ठेवतो. त्या तक्रारी खऱ्या नसतात.” उपाशी माणसाच्या चिडचिडीवरून त्याचा स्वभाव ठरवू नये, तसे हे.

त्यांनी पूर्ण चार्ज केलेली बॅटरी लावली, जुन्या नोंदी पुसल्या, बॉनेट उघडे ठेवून त्याचा खटका स्क्रू-ड्रायव्हरने दाबून बंद केला, म्हणजे गाडीला बॉनेट बंद आहे असे वाटावे. दारांचेही तसेच केले. कुलूप लावून आम्ही पाऊण तास चहा न घेता बसून राहिलो. ते कोणत्याही कामात घाई करीत नसत. मग ऋण टोकाच्या वायरीभोवती चिमट्याचे मीटर लावले. आकडा आला ४८० मिलीअँपिअर. जिथे पन्नासच्या आत हवा, तिथे जवळजवळ दहापट.

मी तिथेच कागदावर हिशेब केला. ०.४८ अँपिअर, चोवीस तास, म्हणजे रोज साडेअकरा अँपिअर-तास. बॅटरी ४५ अँपिअर-तासांची. म्हणजे कागदावर चार दिवसांत शिल्लक शून्य. आणि बॅटरी निम्म्याखाली गेली की इंजिन फिरवण्याइतका जोर तिच्यात राहीलच असे नाही, म्हणजे खरे तर दोन-तीन दिवसच. मग अकरा महिने हे का कळले नाही? कारण एरवी गाडी रोज चालत होती आणि रात्रीची उचल दिवसा भरली जात होती. सिडको ते गुलमंडी अशा छोट्या फेऱ्यांत ती पूर्ण भरत नव्हती. खाते हळूहळू खाली येत होते. पर्युषणात भरणा थांबला आणि खाते बुडाले.

पुढचे काम त्यांनी फ्यूज न काढता केले. फ्यूज काढून परत लावला की झोपलेले मोड्यूल जागे होतात आणि मोजणी फसते. त्याऐवजी प्रत्येक फ्यूजच्या डोक्यावरच्या दोन उघड्या टोकांवर मीटर टेकवून मिलिव्होल्टमधला फरक वाचला. जिथून प्रवाह जातो, तिथे किंचित फरक दिसतो. ट्रायल बॅलन्स जुळत नसला की आम्ही एकेक खाते तपासत असू, अगदी तशीच ती रीत. गुन्हेगार एक नव्हता. डॅशकॅमचा रात्रीचा पहारा २५० मिलीअँपिअर घेत होता. बॅटरी उतरली की कॅमेरा तोडणारी सोय त्याच्या वायरिंगच्या डबीत होती. पण बसवणाऱ्याने तिचा खटका सर्वांत खालच्या आकड्यावर ठेवला होता. उंदराची डबी आणि ट्रॅकर मिळून शंभराच्या वर. आणि विक्रेत्याने फुकट दिलेले दारे बंद करणारे यंत्र स्टिअरिंगखालच्या तपासणी सॉकेटमध्ये खोचलेले होते. त्या सॉकेटच्या एका पिनेत गाडी बंद असतानाही बॅटरीची वीज असते आणि दोन पिना थेट त्या पीळ दिलेल्या वायरींच्या असतात. एकही वायर न कापता बसते, म्हणून ते निर्धोक, असे मला सांगितले होते. तेच यंत्र साऱ्या गाडीला रात्रभर जागे ठेवीत होते. ते उपटल्याबरोबर मीटरचा आकडा माझ्या डोळ्यांदेखत उतरला.

मोड्यूल शाबूत होता. अडतीस हजार वाचले.

पण खरी भीती नंतर वाटली. हेडलाइटचा कपलर काढताना तो हातात तुटला. प्लॅस्टिक तपकिरी झाले होते आणि आतल्या पट्ट्या काळ्या. मूळ बल्ब ६०/५५ वॅटचा, दुकानातला १००/९०. बारा व्होल्टवर साठ वॅट म्हणजे पाच अँपिअर, शंभर वॅट म्हणजे सव्वाआठ. फरक सव्वातीन अँपिअरचाच दिसतो. पण सांध्यातली उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे पावणेतीन पट. सांधा सैल असेल तर त्याहून अधिक. चांगला कारागीर अशा वेळी बॅटरीपासून वेगळी जाड वायर, फ्यूज आणि रिले घालतो, जुन्या वायरीकडून फक्त इशारा घेतो. आणि तेवढे केले तरी समोरच्या गाडीवाल्याच्या डोळ्यांत तो उजेड जातो, हा मुद्दा उरतोच. माझ्या मते हे बल्ब घेऊच नयेत.

धुक्याच्या दिव्यांची गोष्ट आणखी साधी. त्यांच्यासाठी दहा अँपिअरचा लाल फ्यूज सारखा उडत होता, म्हणून कोणी तरी तिथे वीसचा पिवळा बसवला होता. फ्यूज दिव्याला वाचवण्यासाठी नसतो. तो वायरीला वाचवण्यासाठी असतो. वायर दहा अँपिअरची आणि फ्यूज वीसचा, म्हणजे कर्जदाराची ऐपत न पाहता मंजुरीची मर्यादा दुप्पट करणे. काही दिवस सगळे सुरळीत दिसते, एवढेच. मग एक दिवस फ्यूज शाबूत राहतो आणि वायर जळते. शिवाय ती वायर बोनेटच्या पत्र्याला घासून सोललेली होती, तिला रबरी वायसर नव्हता.

फेब्रुवारी २०२३ मध्ये केरळात कण्णूर येथे रुग्णालयाकडे निघालेल्या एका गाडीने पेट घेतला आणि पुढच्या आसनांवरचे गर्भवती पत्नी व पती वाचू शकले नाहीत. प्राथमिक तपासात शॉर्ट सर्किटचा संशय व्यक्त झाला आणि गाडीत नंतर बसवलेल्या उपकरणांविषयीही चर्चा झाली. त्याच वर्षी केरळ सरकारने गाड्यांना लागणाऱ्या आगींची कारणे अभ्यासण्यासाठी तज्ज्ञांची समिती नेमली. ती बातमी मी तेव्हा वाचली होती आणि पान उलटले होते. आता कपलरचा तो तपकिरी तुकडा मी टेबलाच्या खणात ठेवला आहे.

कागदपत्रांचा भाग आपल्या वाचकांना माझ्याइतकाच जवळचा, म्हणून तो थोडा सविस्तर. मोटार विम्यात कारखान्याच्या किमतीत न धरलेली विद्युत उपकरणे आपोआप येत नाहीत. ती स्वतंत्रपणे जाहीर करावी लागतात आणि मूळ मोटार टॅरिफप्रमाणे त्यांच्या किमतीवर चार टक्के जादा प्रीमियम पडतो. तीस हजारांच्या उपकरणांना वर्षाला बाराशे रुपये. पॉलिसीत आग आणि आपोआप पेट घेणे संरक्षित असते; निव्वळ विद्युत बिघाड मात्र वगळलेला असतो. आग लागल्यावर सर्व्हेअर प्रथम विचारतो की मूळ वायरिंगमध्ये बदल केले होते काय आणि त्यांचे बिल कुठे आहे. कच्च्या चिठ्ठीवर ना दुकानाचा जीएसटी क्रमांक, ना उपकरणाचा अनुक्रमांक. मी दुकानात परत गेलो, तेव्हा मालक सौजन्याने म्हणाला, “काका, हे आमचेच काम कशावरून?” आणि त्याच्याकडे उत्तर मागण्यासारखे माझ्या हातात काहीच नव्हते. पक्के बिल असते, तर दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाण्याची वाट तरी होती. “फुकट” मिळालेल्या वस्तूंचे आणखी एक दुखणे: त्या गाडीच्या इन्व्हॉइसवर नसतात, त्यामुळे त्यांचा विमाही नाही आणि त्यांची हमीही नाही. आता कोणी नातेवाईक गाडी घ्यायला निघाला, की मी सांगतो, फुकटाऐवजी पाच हजारांची का होईना रोख सूट घ्या. ती जळत नाही.

कायद्याचेही थोडे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळातूनच आलेल्या एका प्रकरणात हे ठामपणे सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ बदलले आणि नियमबाह्य बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. डॅशकॅम लावला म्हणून कोणी तुरुंगात जाणार नाही, हे उघड आहे. जास्त वॅटचे दिवे, प्रेशर हॉर्न किंवा परवान्याविना बसवलेले गॅस किट ही वेगळी गोष्ट.

ह्याचा अर्थ काहीच लावू नये असा नाही. आमच्याच वाळूजच्या परिसरात तरंग जैन यांच्या वॅरॉकने आणि अनुरंग जैन यांच्या एन्ड्युरन्सने वाहनांचे सुटे भाग घडवून देशाबाहेर नाव कमावले. उत्तम सुटा भाग काय असतो हे ह्या शहराला कोणी शिकवायला नको. प्रश्न भागाचा कमी आणि जोडणीचा जास्त असतो.

त्या वृद्ध कारागिराने आमच्या गाडीत दोनच गोष्टी परत बसवल्या. पुढचा डॅशकॅम, कारण समृद्धी महामार्गावरून मुंबईकडे किंवा नागपूरकडे जाताना तो मला हवा वाटतो, आणि ट्रॅकर. डॅशकॅमची वीज त्यांनी फ्यूजपेटीतून फ्यूज-टॅप लावून घेतली, त्यातही अशा फ्यूजवरून की जो गाडी बंद होताच बंद होतो. एअरबॅग, ब्रेक आणि इंजिनाच्या फ्यूजना हात लावला नाही. रात्रीचा पहारा बंद. ऋण टोक त्यांनी बॅटरीला न जोडता बॉडीवरच्या कारखान्याच्या बोल्टला दिले. बॅटरीच्या ऋण टोकावर एक मोजणी करणारा सेन्सर असतो. त्याच्या आतल्या बाजूला काही जोडले, तर ती उचल गाडीच्या हिशेबात धरलीच जात नाही. कॅमेऱ्याची वायर पूर्वी काचेशेजारच्या खांबाच्या आवरणाखाली, दुमडलेल्या पडदा-एअरबॅगवरून ताणून नेली होती. ती त्यांनी मागून फिरवली, आणि मला शिवून घेतलेली सीट कव्हरेही काढायला लावली, कारण आमच्या गाडीत बाजूची एअरबॅग सीटच्या कडेतून फुगते. “पिवळी वायर, पिवळा कपलर दिसला की आपण हात मागे घ्यायचा, साहेब,” एवढेच म्हणाले. मागचा कॅमेरा, निळे दिवे, दारांचे यंत्र आणि माझी उंदराची डबी एका पिशवीत घालून हातात दिली. कुलूप लावून पाऊण तास पुन्हा थांबलो. आकडा आला ३१.

त्यांची मजुरी बावीसशे रुपये झाली. कपलर आणि त्याकडची वायर बदलायला नऊ हजार. त्यांनी पावती दिली, तीवर प्रत्येक जोडणी कोणत्या फ्यूजवर आहे हे लिहून दिले आणि तोच कागद गाडीच्या पुस्तिकेत चिकटवला. मी त्याच आठवड्यात डॅशकॅमचे नवे पक्के बिल घेऊन विमा कंपनीकडे नोंद केली.

उंदराचे म्हणाल, तर धान्याची पोती आम्ही मागच्या खोलीत हलवली, पोर्चच्या गटाराला बारीक जाळी बसवली आणि रात्री बॉनेट थोडा वेळ उघडे ठेवू लागलो. अंधार आणि ऊब नसली की तो तिकडे फिरकत नाही. २०२४ च्या पर्युषणात गाडी पुन्हा आठ दिवस उभी राहिली. वहिनींनी ह्या वेळी डॉक्टरांच्या आग्रहाने अठ्ठाई न करता एकासणे केली. संवत्सरीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाली येऊन रिमोट दाबला, तेव्हा त्या गॅलरीत उभ्या राहून पाहत होत्या. कुलूप खटकन उघडले. “झाले गाडीचे पारणे?” असे त्यांनी वरूनच विचारले.